सांध्याची जबाबदारी कोणाची?

शासकीय संगणकीकरणाच्या बैठकांत यंत्रांवर आणि प्रणालींवर भरपूर चर्चा होते. दोन प्रणाली जिथे एकमेकींना भेटतात, त्या सांध्याचा विषय मात्र क्वचितच निघतो. बिघाड बहुधा तिथेच होतो, आणि तो दुरुस्त कोणी करायचा याचे उत्तर कुठल्याच करारात नसते.

पायथन या संगणकभाषेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. आज्ञावलीपासून वापरण्याजोगा संच बांधणे हे एक काम, आणि तो दुसऱ्याच्या यंत्रावर बसवणे हे दुसरे. अनेक वर्षे या दोहोंमधला दुवा 'सेटअप डॉट पाय' ही फाइल होती. बांधणीसाठी काय लागते हे ती चालवल्यावरच कळे, आणि ते आधीपासून हजर नसेल तर ती चालतच नसे. बांधणीचे नवे साधन आणायचे तर त्याला जुन्याचीच नक्कल करावी लागे.

2015 साली मांडलेल्या 'पेप 517' आणि 2016 च्या 'पेप 518' या प्रस्तावांनी हा गुंता सोडवला. लागणारी साधने एका साध्या फाइलीत आधीच जाहीर करायची, आणि प्रत्येक बांधणी-साधनाने ठरलेल्या नावांची मोजकी कार्ये पुरवायची. त्यांतली अनिवार्य कार्ये केवळ दोन. आत काय करायचे, याचे स्वातंत्र्य ज्याचे त्याला. पर्याय उभे राहिल्यावर, आधी सूचना देऊन, जुने 'डिस्टयूटिल्स' 2023 मध्ये पायथन 3.12 मधून वगळता आले.

रायपूरला हा विषय परका नाही. छत्तीसगडमध्ये धानखरेदीचे संगणकीकरण 2007 साली झाले. सहकारी समिती, गोदाम, गिरणी आणि रास्त भाव दुकान अशी ही साखळी आहे. 2012 मध्ये रायपूर शहरात 'कोअर पीडीएस' सुरू झाले आणि शिधापत्रिकाधारकाला दुकान निवडता येऊ लागले. पत्रिका आणि दुकान यांची जन्मगाठ सुटली, हा खरा बदल. परंतु 'एक राष्ट्र, एक शिधापत्रिका' योजनेत हे राज्य फेब्रुवारी 2022 मध्ये, जवळजवळ सर्वांच्या शेवटी, सामील झाले. घरातली व्यवस्था उत्तम असली तरी शेजाऱ्याशी जोडणारा सांधा स्वतंत्रपणे घडवावा लागतो, असा बोध मी यातून घेतो. नागपूरकडे कामाला गेलेल्या छत्तीसगडी मजुराच्या घरी चूल पेटणे त्या सांध्यावर अवलंबून असते.

प्रमाणीकरणाने कल्पकता मारली जाते, असा आक्षेप घेतला जातो. आतली कार्यपद्धतीही प्रमाणित करू पाहिली तर तो रास्तच आहे. केवळ सीमारेषा प्रमाणित केली तर उलट घडते: पुरवठादार बदलता येतो आणि शासन कोणाचे ओलीस राहत नाही. केंद्र शासनाने 2010 साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले, त्यामागे हाच विचार आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, निविदा निघण्यापूर्वी प्रत्येक विभागाने तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात. सांध्यावर कोणती माहिती, कोणत्या स्वरूपात द्यायची. त्या मानकाची मालकी शासनाकडेच राहील. आणि जुनी पद्धत कोणत्या तारखेला बंद होईल. तसेच सांध्यासाठी एक जबाबदार अधिकारी नावानिशी नेमावा. दोन खात्यांच्या मधली जागा कोणाचीच नसते, आणि नागरिक नेमका तिथेच ताटकळत उभा असतो.