मारणें निराळें, छळणें निराळें

मांसाहार करावा कीं करूं नये, हा वाद आमच्या देशांत फार जुना आहे; तो आज येथें सोडविण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यांस मासळी वर्ज्य आहे त्यांनीं ती खाऊं नये, व ज्यांच्या घरीं ती चालते त्यांनीं ती खुशाल खावी. आमचा प्रश्न याहून लहान, परंतु अधिक निकडीचा आहे. जो मासा खाण्याकरितां मारावयाचाच, तो कोणत्या रीतीनें मारावा? शेळीमेंढीविषयीं हा प्रश्न निदान विचारला तरी जातो. माशाविषयीं तो फारसा कोणाच्या मनांतही येत नाहीं.

पांढरकवडा हें समुद्रापासून फार दूर असलेलें गांव. तथापि खुनी नदी, पैनगंगा व आसपासचे तलाव यांच्या योगानें या तालुक्यांत गोड्या पाण्याची मासळी मिळते. भोई व ढीवर बंधूंचा तो पिढीजात धंदा होय. रोहू, कटला व मिरगल हे मासे तलावांत बीज सोडून वाढवितात. मरळ व मागूर यांनाही मागणी असते. या शेवटच्या दोन जातींस कल्ल्यांखेरीज हवेंतूनही श्वास घेतां येतो, म्हणून पाण्याबाहेर त्या कित्येक तास जिवंत राहतात. हा निसर्गदत्त गुणच त्यांच्या हालांस कारण होतो. गिऱ्हाइकास मासा तडफडणारा पाहिजे असतो, म्हणून विकणारा तो घमेल्यांत जिवंत ठेवितो. सौदा ठरला म्हणजे हातांतून निसटूं नये म्हणून त्यास राख चोळतात. आणि पुष्कळदां प्राण जाण्यापूर्वींच खवले खरवडण्यास व पोट फाडण्यास आरंभ होतो. रोहू-कटल्याचा अंत टोपलींत घुसमटून होतो, किंवा बर्फावर पडल्या पडल्या सावकाश होतो.

मासा ओरडत नाहीं, म्हणून त्यास दुखत नाहीं, असें आपण धरून चाललों आहों. शास्त्राचा कौल मात्र तसा नाहीं. २००३ सालीं लिन स्नेडन या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं ब्रिटनमध्यें ट्राउट माशावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. माशाच्या डोक्यावर, इजा करणारी उष्णता, आम्ल व दाब यांची वर्दी मेंदूस देणारे मज्जातंतू आहेत, असें त्यांत आढळलें. ओठांत आम्ल टोंचलेले मासे तळच्या खड्यांवर ओठ घासूं लागले. मॉर्फीन दिल्यावर हें वर्तन कमी झालें. २०२४ सालीं न्यूयॉर्क येथें अनेक देशांच्या विद्वानांनीं काढलेल्या जाहीरनाम्यांत, सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांस, माशांसही, जाणीव असण्याचा वास्तविक संभव आहे, असें म्हटलें आहे. कांहीं पंडित अद्यापि शंका घेतात, हें खरें. परंतु न्यायमंदिरांत संशयाचा फायदा ज्याच्यावर शिक्षा कोसळणार त्यास देतात. येथें तो ज्यास वकील करतां येत नाहीं त्या मुक्या जिवास कां मिळूं नये?

आतां कायद्याकडे वळूं. परकीय अमलांतील १८९० च्या कायद्यांत 'प्राणी' म्हणजे पाळीव किंवा पकडलेला प्राणी, अशी व्याख्या होती. स्वराज्यांत आपल्या संसदेनें १९६० सालीं प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा जो कायदा केला, त्यानें ती व्याख्या विस्तृत करून मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी तींत घेतला. त्यांतून मासा वगळलेला नाहीं. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमांत अन्नाकरितां प्राणी मारण्यास सूट दिली आहे. मात्र मारतांना अनावश्यक वेदना दिल्यास ती सूट राहत नाहीं. याचा अर्थ सरळ आहे : कायद्यानें मारण्याची मुभा दिली, छळण्याची दिली नाहीं. पुढें १९७६ सालीं राज्यघटनेंत नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें आलीं, त्यांतही सजीव प्राण्यांविषयीं दया बाळगणें हें एक कर्तव्य सांगितलें आहे. १९६० च्या कायद्यांत पहिल्या गुन्ह्यास ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये; त्याच्या धाकानें कोणी सुधारेल अशी आशा नको. आणि खटले भरून भोयाच्या पोटावर पाय देणें हेंही आम्हांस इष्ट वाटत नाहीं. ही सुधारणा बाजारानें स्वतः करावयाची आहे.

तिला खर्च किती? एक जड लांकडी दांडकें व एक धारदार सुरी. मासा ओल्या फडक्यानें घट्ट धरून, डोळ्यांच्या किंचित मागें माथ्यावर एक जोरदार आघात करावा. तो नेमका बसला म्हणजे शुद्ध तत्क्षणीं हरपते. कल्ल्यांच्या झांकणाची लय थांबली, व मासा कलता केला असतां डोळा फिरेनासा झाला, म्हणजे काम साधलें असें समजावें. शंका वाटल्यास दुसरा आघात करण्यास अनमान करूं नये. मागुराची कवटी टणक असते, म्हणून त्यास दांडकें अधिक जड घ्यावें. लागलीच कल्ल्यांतील रक्तवाहिन्या कापाव्या, रक्त वाहूं द्यावें, आणि त्यानंतर बर्फ. जागतिक प्राणि-आरोग्य संघटनेच्या संहितेंतही, पाळलेल्या माशांस घुसमटवून, बर्फांत गारठवून किंवा शुद्धीवर असतां रक्त काढून मारण्याच्या रीति शक्य तेथें टाळाव्या, असें सांगितलें आहे. बारीक मासळी एकेक मारणें शक्य नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. तिच्याकरितां भरपूर बर्फ घातलेलें पाणी घ्यावें, उष्ण प्रदेशांतील लहान मासे त्यांत लौकर मरतात.

व्यापारी वाचकांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तडफडून मेलेल्या माशाच्या स्नायूंतील शक्तीचा सांठा आधींच संपतो, आम्ल वाढतें, अंग लौकर ताठतें व लौकरच सैल पडतें. असा माल टिकत नाहीं. जपानी कोळ्यांची 'इकेजिमे' म्हणून जुनी रीत आहे. तींत मेंदूंत टोंचा खुपसून मासा क्षणांत मारतात व रक्त काढून टाकतात. हें ते मुख्यतः चवीकरितां व टिकाऊपणाकरितां करितात. दया आणि नफा एकाच वाटेनें जातात असे प्रसंग व्यवहारांत थोडे. हा त्यांपैकीं एक आहे.

मग अडतें कोठें? आमच्या मतें दोष विकणाराचा कमी व घेणाराचा अधिक आहे. ताजेपणाची साक्ष म्हणून गिऱ्हाईक तडफड मागतें. वास्तविक लाल कल्ले, स्वच्छ व फुगीर डोळे, बोटानें दाबतांच पुनः वर येणारें मांस, आणि दुर्गंधीचा अभाव, एवढी साक्ष पुरेशी आहे. दुसरीकडे, मासळीबाजारावरून नाक मुरडून जाणारे कित्येक सद्गृहस्थ आपली किळस हीच भूतदया समजतात. किळशीनें एकाही माशाची वेदना कमी होत नाहीं. मात्र ज्यांच्या श्रमावर हा बाजार चालतो त्यांचा अपमान होतो. याच वऱ्हाडांत जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं जत्रेंतील पशुबळीविरुद्ध लोकांस उपदेश केला, तो लोकांत मिसळून, हातांत खराटा घेऊन. दुरून शिव्या देऊन नव्हे.

म्हणून आमचें सांगणें तिघांस आहे. नगरपरिषदेनें मासळी विकण्याच्या जागीं पाणी, ओटा व बर्फ यांची सोय करावी, व परवाना देतांना मासा आधीं बेशुद्ध करण्याची अट घालावी. मच्छीमार सहकारी संस्थांनीं आपल्या सभासदांस ही रीत एकदां प्रत्यक्ष दाखवावी. आणि गिऱ्हाइकानें, पिशवी पुढें करण्यापूर्वीं, "आधीं मारा, मग साफ करा," एवढे पांच शब्द उच्चारावे. पहिल्या दोघांस ठराव व पैसा लागेल. तिसऱ्यास कांहींच लागत नाहीं, म्हणून आरंभ त्यानेंच करावा.