पिंड आणि पेशा

शाळेतील क्रीडाशिक्षक नाराज दिसला, की ‘त्याचा पिंडच शिक्षकाचा नव्हे’ असे म्हणून मोकळे होण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. रीत मोठी सोयीची. कारण दोष एकदा स्वभावावर टाकला, की मैदान, वेळापत्रक आणि वेतन यांविषयी कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. स्वभावाचा वाटा मुळीच नसतो, असे मात्र नव्हे.

किल्लारी ज्या औसा तालुक्यात आहे, त्याच्या शेजारच्या निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे हरिश्चंद्र बिराजदार यांचे गाव. १९७० साली एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते वस्ताद झाले. राहुल आवारे हा त्यांचाच पठ्ठा. बिराजदार २०११ मध्ये निवर्तले आणि आवारे याने राष्ट्रकुलचे सुवर्ण मिळवले ते २०१८ साली. या पेशाचे स्वरूपच असे आहे. फळ उशिरा येते, दुसऱ्याच्या नावावर येते, आणि कित्येकदा ते पाहावयास वस्ताद उरतही नाही. दुसऱ्याच्या डोक्यावरचा फेटा पाहून ज्याचा ऊर भरून येतो, त्यानेच या वाटेला जावे. टाळ्यांची स्वतःची भूक ज्याची भागलेली नाही, तो उत्तम खेळाडू असूनही शिक्षक म्हणून जन्मभर कुढत राहण्याचा संभव अधिक.

परंतु पिंडाची मजल कोठवर? टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली नाना व्यवसायांतील १६३ गटांच्या पाहण्या एकत्र तपासल्या. सदा चिंतातुर असणारी माणसे कामात कमी समाधानी, तर नेटकी व माणसांत रमणारी अधिक समाधानी आढळली. तथापि स्वभावाचे पाचही प्रमुख पैलू एकत्र धरले, तरी समाधानातील तफावतीचा जेमतेम सहावा हिस्सा उलगडला. उरलेले सारे परिस्थितीच्या खात्यावर मांडणे घाईचे ठरेल; पण परिस्थितीकडे पाठ फिरवण्याची सोय तरी राहात नाही.

ती परिस्थिती काय आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभराहून अधिक असेल तेथे, शारीरिक शिक्षणाचा निदेशक सांगितला, तोही अंशकालीन! जेथे पूर्णवेळ शिक्षक आहे, तेथे तो रांगा लावतो, रजेवरील सहकाऱ्याचा तास सांभाळतो, २६ जानेवारीचे संचलन बसवतो. परीक्षा जवळ आली, की त्याचा तास गणिताकडे जातो. ‘लातूर पॅटर्न’चा अभिमान बाळगणाऱ्या जिल्ह्यात तर या हिरावणुकीचे कोणाला नवलही वाटत नाही. ज्याच्या कामाला शाळाच काम मानीत नाही, त्याने प्रसन्न राहावे कसे?

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीचे नवे गाव ऐसपैस वसले. जागेच्या टंचाईची सबब शहरातील शाळेने सांगावी. इकडे ती शोभत नाही. जिल्ह्यातील संस्थाचालकांनी आता दोन गोष्टी कराव्यात. नेमणुकीपूर्वी उमेदवाराची पदके मोजण्याबरोबरच त्याला तासभर मैदानावर मुलांबरोबर सोडावे, आणि शेवटच्या रांगेतील बुजऱ्या मुलाकडे त्याचे लक्ष जाते की नाही, ते पाहावे. आणि असा माणूस लाभला, तर मार्च महिन्यातही त्याचा तास त्याच्याकडेच ठेवावा.