चवड्यातला खडा

आम्हां प्राध्यापकांचा सारा संसार उभ्याउभ्याने चालतो. गेल्या वर्षी तास घेताना उजव्या चवड्यात खडा रुतल्यासारखे होऊ लागले. जोडा झटकून पाहावा, तर आत काही नाही! मधूनच तिसऱ्या-चौथ्या बोटांत विजेसारखी कळ जाई. डॉक्टरांनी नाव सांगितले, ‘मॉर्टन्स न्यूरोमा’. न्यूरोमा म्हणजे मज्जातंतूची गाठ, हे ऐकताच घरात सगळ्यांचे चेहरे उतरले.

पण वाचकहो, इथे नाव मोठे आणि लक्षण खोटे! ही अर्बुदाची गाठ नव्हेच. चवड्यात चेंगरून मज्जातंतूभोवतीचे आवरण जाड होते, इतकेच. नावातला मॉर्टनही पहिला नव्हे. फिलाडेल्फियाच्या या शल्यवैद्याने १८७६ साली लिहिले. राणी व्हिक्टोरियाच्या पायांवर उपचार करणाऱ्या ड्युरलाकरने हे दुखणे १८४५ सालीच नोंदवले होते.

उपाय आधी पादत्राणात शोधावा. जोडा पुढून ऐसपैस, टाच बसकी, तळ जाड. आत मऊ गादी लावायची ती दुखऱ्या जागेवर नव्हे, तिच्या किंचित मागे. म्हणजे हाडे फाकतात आणि तंतूवरचा दाब उतरतो. मला एवढ्यानेच उतार पडला. न पडल्यास इंजेक्शन, आणि अगदी शेवटी शस्त्रक्रिया. तीत तंतू काढला तर बोटांमधली जागा बधिर होते. म्हणून घाई नको. मधुमेह्यांनी मात्र पायाचे कोणतेही दुखणे अंगावर काढू नये.

हा विकार स्त्रियांना अधिक होतो. तेव्हा भगिनींनो, यंदाच्या दिवाळीत निमुळते, उंच टाचांचे जोडे घेण्यापूर्वी आपल्या चवड्याचेही मत घ्या!