चाकावरची भटकंती : वाऱ्यातली बेटं आणि बॅटरीची सायकल

बालमित्रांनो, बेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चहूबाजूंनी पाणी! पण आपल्या सातारा जिल्ह्यात चहूबाजूंनी हवा असलेली बेटं आहेत. पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, चाळकेवाडीचं पठार. खाली खोल दऱ्या, वर सपाट जांभा खडक, पातळ माती आणि भन्नाट वारा. यातल्या कास पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला.

अशा बेटांवर बॅटरीच्या सायकलने एकट्याने जायचं, तर काय काय लागेल? "बटण दाबलं की झालं!" असं म्हणाल, तर थांबा. आधी थोडं गणित करू या.

नेहमीच्या ई-सायकलची बॅटरी समजा ३६० वॅट-तासांची आहे. म्हणजे ४० वॅटची ट्यूबलाइट नऊ तास चालेल एवढी वीज. आता वाईहून पसरणीचा घाट चढा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, तर पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरा. एवढं ओझं ६०० मीटर वर न्यायला सुमारे १३० वॅट-तास लागतात. मोटर तापण्यात वाया जाणारी वीज धरली, तर जवळजवळ निम्मी बॅटरी एका घाटातच संपली की! पायडल मारून निम्मा भार तुम्ही उचललात, तर मात्र पाव बॅटरीत काम भागेल. तेव्हा ई-सायकलवर पाय दुमडून बसायचं नसतं बरं का.

आता वाऱ्याचं बघा. तुम्ही ताशी २० किलोमीटर वेगाने जाताय आणि समोरून तेवढाच वारा आला, तर हवेचा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून शहाणा सायकलस्वार नकाशावर नुसते किलोमीटर मोजत नाही. चढ किती आणि वारा कुठून, हेही बघतो.

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीला निघालात, तर पावसाळी नैऋत्येचा वारा तोंडावर येतो आणि वाट चढाची. दम निघतो. पण परतताना वारा पाठीशी आणि उतार! उलट पाचगणीहून वाईला उतरणाऱ्याला वाटतं, "अरे, बॅटरी तर भरलेलीच आहे!" संध्याकाळी घाट समोर उभा राहतो, तेव्हा कळतं. लक्षात ठेवा, सोपी सुरुवात फसवते. परतीची वीज आधी बाजूला काढा, मग उरलेली खर्च करा.

गंमत अशी की, जो वारा आपल्याला मागे ढकलतो, तोच चाळकेवाडीच्या पवनचक्क्या फिरवून वीज देतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची अशीच वाराभरली बेटं आहेत. तिथे २०१३ साली गरजेहून जास्त वीज तयार झाली आणि तीही मुख्यतः वाऱ्यापासून.

आईबाबांनो, थोडं तुमच्याशी. मोटर २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या, सरकारी मान्यतेच्या ई-सायकलला परवाना लागत नाही. पण घाटाला वयाचा दाखला कळत नाही. पहिल्या फेऱ्या मुलांबरोबर तुम्हीही करा. हेल्मेट हवंच. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, थांबत थांबत लावा. धुक्यात मागचा लाल दिवा चालू ठेवा. आणि मुलांनो, एकट्याने जाणं म्हणजे न सांगता जाणं नव्हे. वाट आणि परतायची वेळ घरी लिहून ठेवा.

या रविवारी एवढं करा. तुमच्या गावापासून जवळच्या पठारापर्यंतचा नकाशा काढा. दोन्ही टोकांची उंची लिहा, वाऱ्याचा बाण काढा आणि सांगा बघू, निम्मी बॅटरी उरल्यावर तुम्ही पुढे जाल की मागे फिराल?