तीन वर, एक खाली

गेल्या वर्षी क्रीडा सप्ताहात जिमखान्याने 'सर्वांत लांब फटका' अशी गोल्फची स्पर्धा ठेवली होती. ती मी जिंकलो. सर्टिफिकेट अजून रूमच्या भिंतीवर आहे. आता खरं सांगतो... दहा चेंडू मिळाले होते. एक सरळ आणि लांब गेला, उरलेले नऊ कुठे गेले ते माळीकाकांना विचारा! तरी बक्षीस मलाच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, ही स्पर्धा बंद करावी.

लांबी मोजली की पोरं दम लावून मारणार, आणि दम लावला की आधी लय जाते. अमेरिकेतल्या जॉन नोव्होसेल यांनी नामांकित खेळाडूंच्या व्हिडिओतल्या फ्रेम मोजल्या आणि २००४ साली 'टूर टेम्पो' हे पुस्तक काढलं. क्लब मागे न्यायला २४ फ्रेम, तिथून चेंडूपर्यंत ८. कुणाचं २१ आणि ७, कुणाचं २७ आणि ९. म्हणजे वेग ज्याचा त्याचा, प्रमाण मात्र तीनास एक. सेकंदाला ३० फ्रेम धरून गणित तुम्हीच करा, इंजिनिअर आहात! येल विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रोबर यांनी तर स्विंगला आंदोलकाचं समीकरणच लावलं. स्प्रिंगला टांगलेलं वजन थोडं ओढा नाहीतर जास्त, आवर्तनकाळ तोच. फर्स्ट इयरला हे आपण घोकलं, पण हातात क्लब आला की विसरतो.

मला ते कळलं घरी, मनोरीला. सुट्टीत आजोबांबरोबर खाडीत होडी वल्हवत होतो. वल्हं ओढलं की लगेच झटक्यात परत न्यायचो, आणि होडी जागच्या जागी डुचमळायची. आजोबा म्हणाले, "पोरा, पानी पलून नाय जात." ते वल्हं सावकाश मागे नेत, मग एकदाच ओढत. तासभर तेच, तसंच.

हॉस्टेलवर परत आल्यावर दोन आठवडे चेंडूला हातच लावला नाही. रात्री कॉरिडॉरमध्ये छत्री घेऊन, मोबाइलवर मेट्रोनोम लावून: एक, दोन, तीन वर, चारला खाली. रूम पार्टनरने तो टकटक आवाज ऐकून मला वेड्यात काढलं (त्याच्या घोरण्याला लय नाही, हे जाता जाता). मग चेंडू घेतला, तोही अर्ध्या स्विंगने. पूर्ण स्विंग शेवटी, पण ठोके तेच. आता दहातले सहा सरळ जातात. लांबी कमी झाली का? थोडी झाली.

"आपल्याकडे मैदान कुठंय?" म्हणणाऱ्यांनी चेंबूरकडे बघावं. तिथल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबजवळच्या वस्तीत कॅडी पोरं लोखंडी सळई वाकवून, प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीत गोल्फ खेळली. तोमाश गुझोवाती या पोलिश छायाचित्रकाराने त्यांचे फोटो काढलेत. दोन्ही बाजूंना घरं असताना तिथे ताकद काय कामाची? मापात मारलं तरच खेळ.

तर यंदा मैदानावर चुन्याच्या दोन रेघा आखा, प्रत्येकाला दहा चेंडू द्या, आणि रेघांच्या आत किती पडले तेवढंच मोजा. तसा अर्ज मी लिहिलाय. जिमखाना सेक्रेटरी म्हणतात, पाच सह्या आणा. तीन झाल्यात, त्यातली एक रूम पार्टनरची. बाकी दोघांनी रात्री नऊनंतर कॉरिडॉरमध्ये यावं, छत्री आपली आपण आणावी.