मार्का नसलेला माल



आपल्या प्रत्येक खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे. शेजारी बुद्धाचा. १४ एप्रिलला हार, ६ डिसेंबरला मेणबत्ती. असलाच पाहिजे. पण त्याच खोलीत तुमच्या आजीचा फोटो कुठंय? पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्ड आणि लाइटबिलाच्या मधे, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेला. मागं काय लिहिलंय? काही नाही. नातवाला विचारलं तर म्हणतो, "म्हातारी आमची." म्हातारी हे काय नाव असतं का रे?

काहीजण म्हणतील, मोर्चे, अत्याचार, नोकऱ्या सोडून संपादकीय फोटोबिटोवर? हा घरगुती मामला. मी म्हणतो, हाही मोर्चाच आहे. ऐका.

कॅमेरा ह्या देशात आला तो साहेबाच्या हातात. १८६८ ते १८७५ ह्या काळात इंग्रज सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे ८ खंड काढले. त्यात जातीजमातींचे फोटो. फोटोखाली जात हमखास, नाव क्वचित. माणूस नाही, नमुना. बाटलीतल्या बेडकासारखा. पुढं आमच्या गोदीतल्या कित्येक जुन्या कामगारांचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला, पासावरचा. गेटवर माणूस ओळखायचा नव्हता, नंबर ओळखायचा होता.

मग चार पैसे हातात आले आणि आपली माणसं स्वतःच्या पायांनी स्टुडिओत गेली. पांढरं पातळ, उसना कोट, टेबलावर टेकलेला हात. वाचता येत नसलं तरी हातात पुस्तक. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांनी आपली सावली कागदावर धरून ठेवली. तो फोटो म्हणजे जाहीरनामा आहे. आणि आपण तो झुरळांच्या हवाली केलाय.

मी गासला राहतो. इथं माझ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या खापरपणजोबाचं नाव चर्चच्या वहीत सापडतं. बाप्तिस्मा, लग्न, मरण, सगळ्याची तारीख. आपल्या माणसांची अशी वही कुणी ठेवली? कुणीच नाही. आपली वही म्हणजे हे फोटो, आणि त्या वहीत नावं भरायची राहिलीत.

गासपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर सोपाऱ्याचा स्तूप आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उघडला. आत दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या आत? मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून शतकानुशतकं जपलेले. आज ते करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. बघा, भीक मागायच्या खापरीसाठी एवढे करंडक. ज्यांनी ते केले त्यांना ठाऊक होतं ती कुणाची आहे. ते ठाऊक नसतं तर खापर ते खापरच.

गोदीत मी रोज हेच बघतो. पेटी उतरली की आधी मार्का बघायचा. मार्का असेल तर मालक येतो, माल सुटतो. मार्का नसलेली, कुणी सोडवायला न आलेली पेटी शेडमधे पडून राहते आणि शेवटी लिलावात निघते. फोटोचंही तेच. चोरबाजारात जाऊन बघा, लोकांच्या घरातले जुने फोटो ढिगानं पडलेत. कुणाची लग्नं, कुणाची पोरं, कुणाला माहीत नाही. नाव गेलं की माणूस परत नमुना होतो. साहेबानं केलं ते आता आपण आपल्याच हातानं करायचं?

सरकारी अर्काइव्ह आपल्या ट्रंका शोधत वस्तीत येणार नाही. जे टिकलं ते आपल्याच माणसांनी टिकवलं. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून फिल्मवर घेतली. कल्याणच्या विजय सुरवाडेंनी बाबासाहेबांचे दुर्मिळ फोटो जमवण्यात हयात घातली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्या दोघी बायांना भेटत फिरल्या, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. नाहीतर त्या बाया सभेच्या फोटोत मागच्या रांगेतली डोकी म्हणूनच राहिल्या असत्या.

आणि वेळ नाही. १९७८ साली मराठवाड्यात नामांतराच्या नावानं वस्त्या पेटवल्या, तेव्हा घरांबरोबर ट्रंकाही जळाल्या. आज आग नाही तर पाणी आहे. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा दिवसच्या दिवस पाण्यात होतं. शिवाय चाळी पाडून टॉवर होतायत. खोली बदलताना पहिली फेकली जाते ती जुनी ट्रंक.

तेव्हा करायचं काय? ह्याच रविवारी ट्रंक उघडा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. हा कोण, ही कुणाची, गाव कुठलं, साल कुठलं, कोट कुणाचा, विचारा. नाव पूर्ण लिहा. बाईचं तिचं स्वतःचं नाव लिहा, अमक्याची बायको नको. फोटोच्या मागं कडेला शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेन नको, दाब पडतो, शाई पुढं फुटते. गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नसेल तर पाकिटावर लिहा, मग फोटो आत घाला.

लॅमिनेशन करू नका, परत सुटत नाही. चिकट पानांचा अल्बम नको, डिंक फोटो खातो. ओल आलेल्या भिंतीला टांगू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेवरूनच कॉपी घ्या. पुराच्या पाण्यात भिजले तर एकमेकांना चिकटायच्या आत सोडवा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि सावलीत चेहरा वर करून सुकवा. स्कॅन करा, तीन प्रती तीन घरांत ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो बारीक होत जातो, त्याला प्रत समजू नका. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ फोटो फेकू नका.

पण हे सगळं नंतर. कागद आणखी दहा वर्षं टिकेल. ज्या म्हातारीला नावं माहीत आहेत ती टिकेल याची हमी कोण देणार? आधी तिच्याकडे जा. ती गेली की फोटोतली सगळी माणसं दुसऱ्यांदा मरतात.

मार्का घाला, दोस्तांनो. आपला माल बेवारस नाही.

जय भीम.