उन्हाळी सुट्टी आणि माणचा माळ

वार्षिक परीक्षा आटोपल्या की मुलांच्या सुट्टीचे काय करावयाचे, हा प्रश्न दर वर्षी मध्यमवर्गीय घरांत उभा राहतो. मुंबई-पुण्यात त्याचे उत्तर बाजारात मिळते. पोहण्याचे वर्ग, संस्कार वर्ग, साहस शिबिरे आणि अलीकडे ‘निसर्ग शिबिरे’ अशी यादी लांबत चालली आहे आणि त्यांची शुल्केही तशीच वाढत आहेत. दहिवडी, म्हसवड, आटपाडी येथील शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरी यांतले काही पोचत नाही. तेथे सुट्टी म्हणजे चैत्र-वैशाखातल्या यात्रा, एखादे लग्न आणि उरलेला वेळ भ्रमणध्वनीच्या पडद्यापुढे. दुष्काळी माणदेशात निसर्ग पाहावयाचा तरी काय, असे विचारणारी मंडळी शहरात आहेतच. पण खेदाची गोष्ट अशी की, ती माणमध्येही आहेत.

याच प्रश्नात खरी गोम आहे. सातारा हा एकच जिल्हा. पण त्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडे माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरांचा आकडाही मुश्किलीने गाठला जातो. निसर्ग म्हणजे हिरवी झाडी, धबधबे आणि धुके अशी आपली समजूत क्रमिक पुस्तकांनी व चित्रपटांनी करून दिलेली आहे. त्या समजुतीत माळ बसत नाही. सरकारी दप्तरात तर तो ‘पडीक’ म्हणूनच नोंदला जातो. जमिनीला पडीक हे नाव एकदा पडले की तिचे पुढे काय करावयाचे हे ठरविण्यास कोणालाही मोकळीक मिळते. कोणी तेथे परदेशी जातीची झाडे ओळीने लावतो, कोणी मुरूम उपसतो, कोणी अतिक्रमण करतो. तेथे काही होते आणि ते गेले, याची नोंद करणारासुद्धा उरत नाही.

वस्तुतः माणचा माळ पाहावयाचा तर उन्हाळ्यातच पाहावा. पावसाळ्यात वाढलेले कुसळीचे गवत चैत्रापर्यंत वाळून, चरून गेलेले असते आणि जमीन उघडी पडते. त्या उघड्या जमिनीवर माळटिटवी काटकीही न रचता अंडी घालते. ठिपक्याठिपक्यांची ती अंडी खड्यांत अशी मिसळून जातात की हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसालाही दिसत नाहीत. त्याच माळावर पखुर्डी आपली पिले वाढविते. पाणी कोसभर दूर असले तर तिचा नर पाणवठ्यावर जाऊन छातीची पिसे भिजवून घेतो आणि पिलांकडे परततो. पिले त्या ओल्या पिसांतून पाणी पितात. दुष्काळी मुलखात पाणी वाहून आणणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना ही गोष्ट दुसऱ्या कोणाहूनही अधिक कळेल! आकाशात सरळ चढून एकदम खाली झेपावणाऱ्या चंडोलाला आपल्या पूर्वजांनी ‘डोंबारी चंडोल’ म्हटले. नाव ठेवणारा माणूस माळावर किती वेळ मान वर करून उभा राहिला असेल याची कल्पना त्या एका नावावरून येते. सूर्य मावळला की वाटेच्या धुळीत रातवा बसतो, खोकड बिळाबाहेर डोकावते. बाभळीच्या व हिवराच्या शेंगा मेंढरांना याच दिवसांत तारून नेतात. राजेवाडीचा तलाव किंवा मायणीचा तलाव आटू लागला म्हणजे उरलेल्या पाण्याभोवती पाणपक्षी दाटीने उतरतात. यापैकी कशालाही प्रवेशशुल्क नाही.

हे सारे मुलांना, आणि मुलांइतकेच त्यांच्या आईबापांना, एकत्र दाखविण्याची व्यवस्था गावोगावी का होऊ नये? मे महिन्यातील चार-पाच रविवारी पहाटे साडेपाच ते साडेआठ या वेळात गावच्या गायरानावर, तलावाच्या काठी वा ओढ्याच्या पात्रात पंधरा-वीस माणसांनी जमावे, हळू चालावे, पाहावे आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे, एवढाच हा उपक्रम आहे. अमेरिकेत योसेमिटी येथील राष्ट्रीय उद्यानात १९२० साली अशा मोफत निसर्ग-फेऱ्या सुरू झाल्या आणि पुढे त्या तेथील उद्यानांचा नित्याचा भाग बनल्या. आपल्याकडे १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आणि विशेषतः डॉ. सालीम अली यांनी पक्षिनिरीक्षणाची गोडी लावली. मुंबईत माहीमच्या खाडीकाठी जेथे शहराचा कचरा टाकला जात होता तेथे झाडे वाढवून १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले, आणि आज शाळकरी मुले तेथे फुलपाखरे मोजतात. कचऱ्याच्या ढिगावर हे घडू शकते, तर देवाने दिलेल्या माळावर घडण्यास अडचण कोणती?

सांगली जिल्ह्याने तर यापूर्वीच धडा घालून दिला आहे. देवराष्ट्रे गावाजवळचे सागरेश्वर हे मूळचे दाट अरण्य नव्हे. उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्यासारख्या ध्यास घेतलेल्या माणसांच्या प्रयत्नांतून ते उभे राहिले आणि १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचे ते रान पाहण्यास शाळांच्या सहली जातात, हे चांगलेच आहे. मात्र सहल आणि परिचय यांत फरक आहे. वर्षातून एकदा मोटारीतून जाऊन चितळे पाहून आलेल्या मुलास आपल्या घरामागच्या लिंबावर कोण राहते हे ठाऊक नसते. माणमधील कुटुंबांना सागरेश्वरास नेण्यापेक्षा माणचाच माळ दाखवावा, असे म्हणण्यामागचा हेतू हा आहे.

उन्हाळ्यात अख्ख्या कुटुंबाने डोंगरावर जावयाचे ही गोष्ट माणला नवी नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या काळात ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस या तालुक्यातील गावेच्या गावे पहाटे कुदळ-फावडे घेऊन निघत होती. २०१८ साली माणमधील टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक मिळविला. आजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्या एका चरावर खपताना महाराष्ट्राने पाहिल्या. ज्या हातांनी तेथे चर खणले ते हात अजून गावात आहेत आणि त्या चरांच्या कडेने आता काय उगवले, कोणते पक्षी तेथे येऊ लागले, हे पाहण्याची उत्सुकता त्यांना असणारच. खणण्यासाठी जमलेले गाव पाहण्यासाठीही जमेल, एवढा विश्वास ठेवण्यास हरकत नसावी.

शिवाय मे महिन्यात माणदेश पुन्हा भरतो. पोटासाठी मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी म्हणून राबणारे, गलाईच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत पांगलेले लोक सुट्टीत आणि यात्रेला गावी येतात. त्यांची मुले तमिळ वा बंगाली सफाईने बोलतात, पण हिवर आणि बाभूळ यांतला फरक त्यांना सांगता येत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. त्यांना तो सांगणारा आजा घरातच असतो. परंतु दोघांना एका वाटेवरून तीन तास चालण्याचा योग कोणी आणीत नाही. ‘कुटुंबासाठी’ असा शब्द या उपक्रमाला जोडावयाचा तो यासाठी. केवळ मुलांचे शिबिर भरविले तर शिक्षक बोलतो आणि मुले ऐकतात. घर सोबत असले म्हणजे बोलणारे वाढतात.

मग मार्गदर्शक कोण? येथे आपल्या सुशिक्षितांची मोठी अडचण होते. प्रमाणपत्र असल्यावाचून कोणास काही येते, हे मान्य करणे आपणांस जड जाते. माळावर हयात घालविलेल्या मेंढपाळास कोणत्या गवताने मेंढरू फुगते, लांडगा कोणत्या ओघळीने येतो, टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की खोलगटात, हे पुस्तक न उघडता सांगता येते. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ लिहून १९५५ साली या माणसांना मराठी साहित्यात आणले. साहित्याच्या वर्गात आपण त्यांचे कौतुक करतो. विज्ञानाच्या वर्गात मात्र त्यांना बोलावीत नाही. अशा एका जाणत्या मेंढपाळाला रीतसर मानधन देऊन सकाळच्या फेरीचे पुढारपण द्यावे आणि महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने वही घेऊन त्याच्यामागून चालावे. मानधन हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. ज्ञान फुकट घेण्याची सवय आपण गरिबांच्याच बाबतीत पाळतो.

विद्यार्थ्याच्या हातातील या वहीला कायद्याचे अधिष्ठानही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ही कल्पना पुढे आणली तेव्हा गावच्या लोकांनी आपल्या परिसराचे ज्ञान स्वतः नोंदवावे, हा तिचा प्राण होता. प्रत्यक्षात बरीच वर्षे ढिलाई झाली. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून ती चुकविणाऱ्या राज्यांस महिन्याला दहा लाख रुपये भरण्याचा बडगा दाखविला, तेव्हा धावपळ उडाली. घाईने भरलेल्या अशा वह्यांत गाव किती आणि नक्कल किती, हे ज्याने त्याने आपल्या ग्रामपंचायतीचे कपाट उघडून पाहावे. उन्हाळ्यातील पाच रविवारी पाच कुटुंबांनी जे पाहिले ते तारीखवार त्या वहीत चढविले, तर ती वही खऱ्या अर्थाने लोकांची होईल.

अशा नोंदीची निकड आता वाढली आहे. उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू या योजनांचे पाणी माणदेशाच्या शिवारात खेळू लागले आहे. पिढ्यान् पिढ्या तहानलेल्या या मुलखाला ते मिळाले, याचा आनंद न मानणारा माणूस करंटाच म्हटला पाहिजे. पण पाण्यामागोमाग माळ फुटणार, डाळिंबाच्या बागा आणि ऊस चढावापर्यंत जाणार, म्हसवडच्या बाजूस ठरलेली औद्योगिक वसाहतही जागा घेणार. यांतले काय कोठे व्हावे हा निर्णय अखेर गावाच्या आणि सरकारच्या हाती आहे. कोणत्या गायरानावर माळटिटवी घरटे करते आणि कोणत्या पाणवठ्यावर खोकड येते, हे ठाऊक असलेले गाव निदान जागेची निवड करताना चार प्रश्न विचारील. शेजारच्या खटाव तालुक्यात, रोहित पक्ष्यांसाठी एके काळी नावाजलेल्या मायणीच्या परिसराला २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला तो तेथे पक्षी येतात हे लोकांना माहीत होते म्हणूनच. माळाच्या पक्ष्यांना मात्र असा बोलबाला लाभलेला नाही.

दोन-तीन पथ्ये मात्र कसोशीने पाळावी लागतील. हा अंडी-पिलांचा काळ असल्याने घरटे सापडले की दुरूनच पाहून पुढे सरकावे. उन्हात पक्षीण अंड्यांवरून उठली तर ती काही मिनिटांत तापतात. छायाचित्रासाठी घरट्याभोवती कोंडाळे करणाऱ्यास दुसऱ्या रविवारी बोलावू नये. सोबत कुत्रे नको. ध्वनिवर्धक, व्यासपीठ, प्रमुख पाहुणे, शाल आणि श्रीफळ यांना तर पूर्ण बंदी असावी. पुढाऱ्यांनी यावे, पण पहाटे साडेपाचला आणि पायी! तसेच हे काम परिपत्रक काढून शिक्षकांच्या गळ्यात बांधू नये. जनगणना, मतदारयाद्या आणि सर्वेक्षणे यांनी तो आधीच वाकला आहे. त्याने यावे ते आपली मुले घेऊन, एक पालक म्हणून.

वाचनालय, तरुण मंडळ, महाविद्यालयाचा विज्ञान विभाग, म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र, अशा संस्थांपैकी एक-दोघींनी मनावर घेतले तरी पहिला उन्हाळा पार पडेल. तहसील कचेरीतील कारकुनाला गावनकाशावर गायरान कोठे संपते हे अचूक दाखविता येते. त्याची मदत तर पहिल्याच दिवशी लागेल, कारण आपण पाहत असलेला माळ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न मुले हटकून विचारतात. खर्च म्हणाल तर मेंढपाळाचे मानधन, दोन दुर्बिणी, एक पक्ष्यांचे सचित्र मराठी पुस्तक आणि पाण्याचा एक घडा. ग्रामपंचायतीने २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तसा ठराव केला, तर तयारीला तीन महिने मिळतात. मायणी आणि राजेवाडी येथील तलावांच्या काठी व शिखर शिंगणापूरच्या डोंगरउतारावर पहिल्या फेऱ्या काढून पाहता येतील. चैत्रातील यात्रेची गर्दी तोवर ओसरलेली असते.